निसर्गाने न बांधलेल्या साखळ्या

रसायनशास्त्रातल्या काही शोधांना एक ठरावीक कथा चिकटते आणि पुढे पाठ्यपुस्तकांतून तीच फिरत राहते. ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या पेप्टाइड-संश्लेषणाच्या पद्धतीची कथा वेगाची आहे. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून पेप्टाइड तयार करायचे काम पूर्वी महिनोन्‌महिने चाले. रेझिनच्या बारीक मण्यांवर साखळी बांधण्याची युक्ती सापडली आणि ते दिवसांवर आले, मग यंत्र आले, १९८४ साली नोबेल पारितोषिक आले. ही कथा खोटी नाही. खुद्द मेरीफील्ड यांनी २६ मे १९५९ रोजी आपल्या वहीत जी गरज नोंदवली ती हीच होती: लांब साखळ्या झटपट, पुरेपूर उताऱ्याने आणि यंत्राकडून करून घेता याव्यात. तरीही पुण्यात या पद्धतीचे जे झाले ते पाहिल्यावर ही कथा अपुरी वाटते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकापासून रेझिनवर ज्या महत्त्वाच्या साखळ्या बांधल्या गेल्या त्या लांब नव्हत्या, त्यांना घाई नव्हती, आणि सजीवसृष्टीतल्या कुठल्याही पेप्टाइडची ती नक्कल नव्हती. माझे म्हणणे असे की मेरीफील्ड यांच्या पद्धतीची खरी देणगी वेग ही नव्हे. पेशीला जे बांधता येत नाही ते बांधून पाहण्याची मोकळीक ही ती देणगी आहे, आणि पुण्याच्या इतिहासात याचा पुरावा चांगला सापडतो.

पुराव्याकडे जाण्याआधी मण्यावर नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. अमिनो आम्लाच्या रेणूला दोन क्रियाशील टोके असतात, एक अमिनो आणि एक कार्बॉक्सिल. दोन वेगळी आम्ले नुसती एकत्र केली तर कोण कोणाला कुठल्या टोकाने जोडले जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून एक टोक तात्पुरते झाकावे लागते. हे झाकण, म्हणजे संरक्षक गट, असे हवे की जोडणी होईपर्यंत ते हलू नये आणि नंतर साखळी न मोडता निघावे. एमिल फिशर यांनी १९०७ साली अठरा घटकांची साखळी बांधली, पण ती पंधरा ग्लायसीन आणि तीन ल्यूसीन अशी साधी. सहज निघणारे झाकण त्यांच्यापाशी नव्हते. १९३२ साली बर्गमान आणि झेर्वास यांनी बेन्झिलॉक्सिकार्बोनिल गट दिला, १९५७ च्या सुमारास टर्ट-ब्युटिलॉक्सिकार्बोनिल आला, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसते 'बॉक' म्हणतात, आणि १९७० साली 'एफमॉक'. बॉक आम्लाने निघतो, एफमॉक अल्कलीने. या झाकणांच्या जोरावर व्हिन्सेंट द्यु विन्यो यांच्यासारख्या रसायनज्ञाने १९५३ साली नऊ अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन द्रावणात बांधून दाखवले. पण प्रत्येक जोडणीनंतर पदार्थ वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, पारखायचा, आणि पुढच्या पायरीला हात घालायचा, असा तो खटाटोप होता.

मेरीफील्ड यांनी साखळीचे पहिले अमिनो आम्लच पॉलिस्टायरीनच्या मण्याला बांधून टाकले. स्टायरीनच्या लांब धाग्यांना एक-दोन टक्के डायव्हिनिलबेन्झीनने एकमेकांत अडकवले की जे जाळे तयार होते ते कशातही विरघळत नाही, पण डायक्लोरोमिथेनमध्ये टाकले की भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे फुगते. मणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आणि जोडण्या त्याच्या पृष्ठभागावर नव्हे तर बहुतांशी फुगलेल्या पोटात होतात. वरून अभिकारक भरपूर ओतायचे, काम झाले की गाळून धुऊन टाकायचे. साखळी मण्याला धरून असल्याने वाहून जात नाही. शुद्धीकरणाची जागा धुण्याने घेतली, एवढीच ती क्रांती. मात्र तिच्यात एक नाजूक जागा आहे, आणि ती अगदी सुरुवातीला येते. पहिले संरक्षित अमिनो आम्ल रेझिनवर चढवताना काही चूक झाली, म्हणजे त्याची त्रिमितीय रचना उलटली किंवा मण्यांवर ते हवे त्यापेक्षा दाट बसले, तर तो दोष पुढच्या प्रत्येक साखळीत उतरतो आणि धुऊन जात नाही. १९७३ साली गिसिन यांनी सीझियमचे क्षार वापरून हे चढवणे सुधारले ते याच कारणाने, आणि पहिले अमिनो आम्ल आधीच चढवून, मोजून तयार ठेवलेली रेझिने बाजारात विकत मिळू लागली तीही याच कारणाने. ग्रॅममागे किती मिलिमोल चढले हा आकडा बाटलीवर छापलेला असतो आणि सगळा हिशेब तिथून सुरू होतो.

मण्याच्या पोटात काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कायझर यांनी १९७० साली सुचवलेली चाचणी आजही रोजच्या वापरात आहे. धुतलेले दहा-वीस मणी काचेच्या छोट्या नळीत घ्यायचे, निनहायड्रिन, फिनॉल आणि पिरिडीनमधल्या पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि काही मिनिटे तापवायचे. मणी गडद निळे झाले तर मोकळी अमिनो टोके शिल्लक आहेत, म्हणजे जोडणी अर्धवट राहिली. द्रावण पिवळसर आणि मणी बिनरंगी राहिले तर पुढे जायला हरकत नाही. झाकण काढल्यावर निळा रंग यायला हवा, जोडल्यावर तो जायला हवा. एका साखळीत हा रंग असा पुन्हा पुन्हा येतो आणि जातो, आणि संशोधक विद्यार्थी त्यावरून पुढची पायरी ठरवतो. यंत्र आले तरी नव्या, अनोळखी घटकांच्या बाबतीत ही हाताची चाचणी सुटत नाही, कारण अनोळखी घटक किती वेळात जोडला जाईल हे यंत्राला आधी कोणी सांगितलेले नसते.

पद्धतीवरचा सगळ्यात मोठा आक्षेपही याच पोटातल्या अंधाराबद्दल होता. द्रावणात काम करणारे म्हणत की मधल्या पायऱ्यांवर काहीच शुद्ध होत नसेल तर शेवटी हाती येते ते मिश्रण, एक पदार्थ नव्हे. आक्षेप रास्त होता, आणि साधे गणित त्याच्या बाजूने होते. प्रत्येक जोडणी ९५ टक्के झाली तर दहा घटकांच्या साखळीत सुमारे ६३ टक्के रेणू बरोबर निघतात, पन्नास घटकांच्या साखळीत जेमतेम ८ टक्के. मेरीफील्ड आणि बेर्न्ड गुट्टे यांनी १९६९ साली रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचे विकर रेझिनवर बांधले. त्यासाठी ३६९ रासायनिक अभिक्रिया आणि यंत्राच्या ११,९३१ पायऱ्या लागल्या. विकर काम करीत होते, हा मोठा विजय होता. पण ते पूर्ण शुद्ध नव्हते, आणि मर्कच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास तुकडे द्रावणात जोडून हेच काम वेगळ्या वाटेने झाले होते. मग दहा वर्षांत चित्रच पालटले. १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेता आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून विक्रीला आले. लांब, नैसर्गिक प्रथिने करायची तर जीवाणू किंवा यीस्ट हेच स्वस्त कारागीर ठरले. पुढे १९९४ साली डॉसन आणि केंट यांनी तुकडे एकमेकांना पाण्यात जोडण्याची पद्धत दिल्यावर रेझिनवरून प्रथिनांपर्यंत जाता येऊ लागले, हे खरे. तरी वेगाची शर्यत एवढाच निकष लावला, तर लांब साखळीच्या बाबतीत रेझिन हरले असेच म्हणावे लागते. ते टिकले ते वेगळ्या कामासाठी.

पुण्याकडे येताना प्रथम पाषाणला नव्हे तर पिंपरीला थांबले पाहिजे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि त्यानंतर चार वर्षांनी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना म्हणून ती लोकांना ठाऊक आहे. तिच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे कवकशास्त्रज्ञ नवनवी प्रतिजैविके शोधत होते हे मात्र फारसे बोलले जात नाही. हॅमायसिन तिथलेच. १९६८ साली तिथून अँटिअमीबिन नावाच्या पदार्थाची माहिती प्रसिद्ध झाली. तो ज्या बुरशांपासून मिळाला त्यांपैकी एकीचे शास्त्रीय नाव इमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस आणि दुसरीचे सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना. शहराची आणि गावाची अशी नोंद जागतिक कवकशास्त्रात कायमची झाली. अँटिअमीबिन हे सोळा घटकांचे पेप्टाइड आहे. पण ते साध्या पेप्टाइडांसारखे नाही. त्याच्या साखळीत अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल, ज्याला संक्षेपाने 'एब' म्हणतात, पुन्हा पुन्हा येते, आणि टोकाला आम्लाऐवजी अल्कोहोल असते. प्रथिने बांधणाऱ्या वीस अमिनो आम्लांत एबला स्थान नाही. बुरशी हे पेप्टाइड रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बांधणाऱ्या यंत्रणेवर, बांधत नाही. त्यासाठी तिच्याकडे वेगळी विकरांची जुळणी असते.

या एबने रेझिनवाल्यांची चांगली परीक्षा पाहिली. त्याच्या मधल्या कार्बनला दोन मिथिल गट चिकटलेले असतात, त्यामुळे जोडणीच्या जागी दाटी होते. एकामागून एक तीन एब जोडायचे म्हटले तर नेहमीचे अभिकारक तासन्‌तास ठेवूनही मणी निळेच राहतात. याच घटकाचा भारतातला सगळ्यात सखोल अभ्यास पद्मनाभन बलराम यांनी केला. त्यांचे पदवीपर्यंतचे रसायन पुण्यातल्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. पुढचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्यांच्या गटाने एब असलेली पेप्टाइडे बहुतांशी द्रावणातच बांधली, स्फटिक मिळवले आणि क्ष-किरणांनी त्यांची घडण पाहिली. एब आला की साखळी मळसूत्राकार वळायला तयार होते हे त्यातून पक्के झाले. पिंपरीच्या अँटिअमीबिनची स्फटिकरचना इझाबेला कार्ल आणि बलराम यांच्या गटांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. या सगळ्यात रेझिन मागे पडले होते, आणि माझ्या प्रतिपादनाविरुद्ध हा मुद्दा कोणी मांडला तर तो वजनदार आहे: अनैसर्गिक, अवघड घटकांसाठी रेझिन हेच साधन असे म्हणायचे, आणि भारतातल्या उत्तम प्रयोगशाळेने नेमक्या त्याच घटकासाठी द्रावण निवडले! याला उत्तर दोन भागांत आहे. एक तर बलराम यांना स्फटिकांसाठी पदार्थ भरपूर आणि अतिशुद्ध हवा होता, आणि त्यांच्या साखळ्या बऱ्याचदा छोट्या होत्या. तिथे द्रावणच योग्य. दुसरे असे की १९९० च्या दशकात कार्पिनो आणि वेन्शू यांनी अमिनो आम्लांची फ्लोराइडे वापरून अशी दाट पेप्टाइडे रेझिनवरही बांधली. अडचण मण्यात नव्हती, अभिकारकात होती. आज मधुमेह आणि स्थूलतेवर वापरले जाणारे सेमाग्लुटाइड घ्या: ३१ अमिनो आम्लांच्या या साखळीत दुसऱ्या जागी एब मुद्दाम बसवलेले आहे, कारण तिथे ते असले की शरीरातले विकर साखळी लवकर तोडू शकत नाही. बुरशीच्या पेप्टाइडांत ठाऊक असलेला हा घटक औषधाच्या कुपीत बसला आहे, आणि त्या जागी तो रसायनज्ञालाच बसवावा लागतो.

पाषाणच्या कथेला १९८७ साली वळण मिळाले. त्या वर्षी कृष्ण एन. गणेश हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या गणेश यांनी हैदराबादला डीएनएच्या छोट्या साखळ्या प्रयोगशाळेत बांधण्याचे काम उभे केले होते. डीएनए बांधायचीही रीत घन आधारावरचीच. लेट्सिंगर आणि पुढे करूदर्स यांनी ती मेरीफील्ड यांच्याच विचाराने घडवली. म्हणजे संरक्षक गट, आधार, जोडणी आणि धुणे यांची सगळी शिस्त गणेश यांच्या हातात आधीपासून होती, फक्त पेप्टाइडऐवजी न्यूक्लिइक आम्लासाठी. मग १९९१ साली कोपनहेगनहून एक निबंध आला. पीटर नील्सन, मायकेल एगहोम, रोल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट यांनी असा रेणू केला होता ज्यात डीएनएचे थायमीन हे अक्षर होते, पण त्याला धरणारा कणा साखर आणि फॉस्फेटचा नव्हता. तो होता अमिनोइथिल ग्लायसीनचा, अमाइड बंधांनी जोडलेला. नाव ठेवले पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, संक्षेपाने पीएनए. त्याच्यावर विद्युतभार नाही, विकरांना ते ओळखता येत नाही, आणि समोरच्या डीएनए साखळीला ते डीएनएपेक्षाही घट्ट धरते. हा रेणू डीएनएच्या यंत्रावर बांधत नाहीत. तो मेरीफील्डच्या रेझिनवर, बॉक झाकणे लावून, पेप्टाइडसारखा बांधतात. न्यूक्लिइक आम्लाची जाण आणि पेप्टाइडाची रीत, दोन्ही अंगवळणी असलेल्या माणसासाठी याहून सोयीचा प्रश्न दुसरा नव्हता.

पीएनएला दोष होते. ते पाण्यात नीट विरघळत नाही, पेशीत सहजी शिरत नाही, आणि त्याचा कणा इतका लवचीक की समोरची साखळी डीएनएची आहे की आरएनएची, ती सरळ दिशेने आली की उलट, याचा भेद ते पुरेसा करीत नाही. गणेश आणि त्यांच्या सहकारी वैजयंती कुमार यांनी हातात घेतलेला प्रश्न या शेवटच्या दोषाचा होता: कणा थोडा बांधून ठेवला तर रेणू निवडक होईल का? त्यासाठी त्यांनी हायड्रॉक्सिप्रोलीन हे कोलॅजेनमध्ये सापडणारे अमिनो आम्ल घेतले. त्याचे पाच अणूंचे वलय कण्याला वळण देते आणि रेणूला डावे-उजवेपण देते. काम असे चाले. क्लोरोमिथिल रेझिनवर आधी बॉक-संरक्षित बीटा-ॲलानीन चढवायचे. बीटा-ॲलानीनला डावे-उजवेपण नसल्याने चढवताना त्याची रचना उलटण्याची धास्ती नसते, आणि साखळी मण्यापासून थोडी दूर सरकते, जोडण्यांना मोकळी जागा मिळते. चढवण्याचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवायचे, कारण पीएनएच्या साखळ्या दाटीत एकमेकींना चिकटून गोळा होतात. मग ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्लाने बॉक काढायचा, अमाइनने मणी उदासीन करायचे, पुढचा संरक्षित घटक दुपटी-तिपटीने घालायचा, कायझर चाचणी, धुणे, पुन्हा बॉक. आठ-दहा फेऱ्यांनी साखळी पुरी झाली की तीव्र ट्रायफ्लुरोमिथेनसल्फोनिक आम्लाने ती मण्यावरून सोडवायची आणि गार ईथरमध्ये पांढरा साका म्हणून खाली आणायची. आठ-दहा घटकांच्या साखळीत मधल्या शुद्धीकरणाचा आक्षेप उरतो कुठे? शेवटी उच्चदाब द्रव-वर्णलेखाने एकच शिखर काढता येते आणि वस्तुमान मोजून खात्री होते. रायबोन्यूक्लिएजला ज्या गणिताने मारले तेच गणित इथे संशोधकांच्या बाजूने उभे होते.

निकाल एकदम हाती आला नाही, आणि मला या इतिहासात तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळेच घटक असे वलयाचे, म्हणजे अमिनोप्रोलिल, केले तर साखळी इतकी ताठ होते की समोरच्या डीएनएला धरतच नाही. तोच घटक एखाद्या जागी बसवला तर मात्र उपयोगी पडतो. मग १९९९ साली अमिनोइथिलप्रोलिल पीएनए आले: वलय ठेवले, पण त्याला अमिनोइथिलचा लवचीक हात परत दिला. थायमीनच्या साखळीत याने डीएनएशी अत्यंत घट्ट त्रिपदरी गुंफण केली. थायमीन निवडण्याला कारण साधे आहे, चार अक्षरांत तेच एक असे की ज्याला झाकण लागत नाही. घट्टपणा मोजायची रीतही समजण्यासारखी आहे. गुंफलेल्या जोडीचे द्रावण हळूहळू तापवत न्यायचे आणि २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण टिपत राहायचे. जोडी सुटू लागली की शोषण वाढते, आलेख आडव्या इंग्रजी एस अक्षरासारखा चढतो, आणि चढाच्या मध्यावरचे तापमान म्हणजे त्या गुंफणीचा वितळबिंदू. एका घटकाच्या बदलाने तो किती अंश सरकला यावरून पुढच्या घटकाचा विचार होतो. अक्षरे मिश्र केल्यावर अमिनोइथिलप्रोलिलची वागणूक अक्षरागणिक बदलली, आणि पुन्हा नव्याने विचार करणे आले. पिरोलिडोन, पिपेकोलिल अशी वलये बदलत हा गट पुढे जात राहिला. यातली प्रत्येक साखळी म्हणजे निसर्गाला विचारलेला एक नेमका प्रश्न होता, आणि तो विचारायला रेझिनखेरीज व्यवहार्य साधन नव्हते.

सहा अणूंच्या वलयाने उत्तर दिले. कोपनहेगनच्या गटाने १९९७ सालीच कण्यात सायक्लोहेक्सेन बसवून पाहिले होते, पण वलयावरचे दोन हात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असलेले. गणेश, वैजयंती कुमार आणि त्यांचे विद्यार्थी टी. गोविंदराजू यांनी दोन्ही हात एकाच बाजूला असलेली रचना निवडली, आणि निवड अंदाजाने केली नाही. पीएनए जेव्हा आरएनएशी जोडी करते तेव्हा कण्यातला एक विशिष्ट कोन सुमारे ६५ अंश असतो, डीएनएबरोबरच्या त्रिपदरीत तो १४० अंशांकडे जातो. एकाच बाजूचे हात असलेल्या सायक्लोहेक्सेनमध्ये हा कोन मुळातच ६५ अंशांच्या आसपास अडकलेला असतो. म्हणजे रेणू आरएनएसाठी आधीच वळवून ठेवायचा. लायपेझ विकराने डावी-उजवी रूपे वेगळी केली, प्रयोगशाळेतल्याच स्फटिकशास्त्रज्ञांनी घटकाची रचना क्ष-किरणांनी पाहून कोन मोजला, आणि मग साखळ्या रेझिनवर बांधल्या. २००५ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला: आरएनएबरोबरची जोडी डीएनएबरोबरच्या जोडीपेक्षा कितीतरी घट्ट, इतकी की असा पक्षपात आधी दिसला नव्हता. पाच अणूंच्या, अधिक लवचीक सायक्लोपेंटेनने मात्र दोघांनाही घट्ट धरले. एका कार्बनचा फरक, आणि निवडकपणा गेला.

आता आक्षेप. पहिला असा की पीएनए कोपनहेगनचे, रेझिन न्यूयॉर्कच्या मेरीफील्ड यांचे. पुण्याने केले ते फेरफार. पण या अर्थाने बहुतेक रसायनशास्त्रच फेरफार आहे. पीएनएच्या शोधाने सांगितले की साखर-फॉस्फेटशिवायही आनुवंशिक अक्षरे वाचता येतात. पुण्याच्या कामाने सांगितले की कण्याचा कोणता कोन आरएनए निवडतो आणि का. दुसरे उत्तर पहिल्यात दडलेले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: इतक्या वर्षांत यातून औषध निघाले नाही. हे खरे आहे. पीएनए रोगनिदानात वापरले गेले, जीवाणू ओळखणाऱ्या चाचण्यांत आणि पीसीआरमध्ये एखादी प्रत दाबून ठेवण्यासाठी, पण औषध म्हणून ते पोहोचले नाही. पेशीत शिरण्याचा प्रश्न सुटलेला नाही. मात्र २०१६ साली पाठीच्या कण्याच्या स्नायुऱ्हासावर मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे कणा बदललेल्या न्यूक्लिइक आम्लाचेच औषध आहे. कणा बदलून आरएनएला निवडकपणे धरायचे, हा विचार व्यवहारात उतरू शकतो हे त्याने दाखवले. सरकारी प्रयोगशाळेच्या कामाचे माप औषधाच्या पेटीने घ्यायचे तर ते माप आधी जाहीर करायला हवे होते. १९९० च्या दशकातला प्रश्न रेणूंच्या ओळखीचा होता, उपचाराचा नव्हता.

तिसरा आक्षेप जीवशास्त्राकडून येतो. जीवाणूंना आता अनैसर्गिक अमिनो आम्लेही वापरायला शिकवता येतात. पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने २००१ सालापासून ते दाखवले. मग रेझिनची मक्तेदारी कुठे राहिली? राहिली, कारण रायबोसोमला बाजूची शाखा बदललेली चालते, कणा बदललेला फार थोडा चालतो. अमिनोइथिल ग्लायसीन आणि सायक्लोहेक्सेनची अख्खी साखळी तो बांधत नाही. चौथा आक्षेप मात्र मी मान्य करतो. रेझिनवरचे काम द्रावकांची उधळण करते. दर फेरीला अनेकदा धुणे, दुपटी-तिपटीने घातलेला संरक्षित घटक, डायमिथिलफॉर्मामाइड आणि डायक्लोरोमिथेनचे डबे. मिलिग्रॅमभर साखळीसाठी लिटरांनी सांडपाणी. प्रयोगशाळेत हे खपून जाते. सेमाग्लुटाइडसारखी औषधे टनांच्या हिशेबाने करायची वेळ येते तेव्हा खपत नाही, आणि हिरव्या द्रावकांचा शोध आता पेप्टाइड-उद्योगाचा मुख्य प्रश्न झाला आहे. पॉलिस्टायरीनच्या मण्यांचे उत्पादन पुण्याला नवे नाही. थरमॅक्सची तुलसिऑन ही पाणी मृदू करणारी आयन-विनिमय रेझिने याच सांगाड्याची, फक्त अधिक घट्ट विणीची. पेप्टाइडसाठी सैल विणीचा, मोजून चढवलेला, कमी द्रावकात फुगणारा मणी करणे हे बहुवारिक-रसायनाचे काम आहे आणि ते ज्ञान याच शहरात आहे.

गणेश २००६ साली पाषाणलाच, प्रयोगशाळेच्या शेजारी सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले आणि २०१७ पर्यंत राहिले. पीएनएचे काम तिथेही चालू राहिले. गोविंदराजू बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात गेले. त्याच पुण्याच्या संस्थेत होसहुड्य गोपी यांचा गट गॅमा अमिनो आम्लांच्या साखळ्यांवर काम करतो, ज्यांच्या कण्यात नैसर्गिक अमिनो आम्लापेक्षा दोन कार्बन जास्त असतात, आणि त्या साखळ्या कशा वळतात हे पाहतो. गोपी पूर्वी बलराम यांच्याकडे काम करून आले. द्रावण आणि स्फटिकांची बंगळूरची रीत आणि मण्यांवर बांधायची पाषाणची रीत अशा दोन्ही आज त्या एका आवारात चालतात. साखळी छोटी आणि स्फटिक हवा असेल तर चंचुपात्र, ती लांब किंवा घटक अनेकदा बदलून पाहायचे असतील तर रेझिन.